मुठीतलं मीठ

नुसतं ‘छान झालंय’ म्हणायचं होतं. एवढ्या दोन शब्दांत सत्यभामेला काय काय मिळणार होतं ते आधी मोजून घेऊ, कारण ती स्वतः तेच मोजत उभी होती. शेजारच्या भाभींच्या मागच्या ओट्यापाशी, हातात चमचा, तोंडात न गिळवणारा घास.

पहिलं म्हणजे रत्नमालाबाईंचा अबोला सुटणार होता. सात वर्षं थोरली जाऊ धाकटीशी अक्षर बोलली नव्हती. फारच गरज पडली तर निरोप भिंतीकडे बघून द्यायची आणि भिंतीनं तो पोचवायचा, अशी व्यवस्था होती. दुसरं, रत्नमालाबाईंच्या स्वयंपाकघरात पुन्हा बसायला मिळणार होतं. गेल्या माघात सासू गेली, गोजरबाई, तेव्हा सत्यभामा बाहेर पाहुण्यांत बसली. पंचवीस वर्षं जिथं भांडी घासली, तिथं तिला बिस्किटं बशीत घालून दिली गेली. आणि तिसरं, जे मोजायला तिचं तिलाच लाजल्यासारखं होत होतं: कुणीतरी तिला ‘सत्ये’ म्हणणार होतं. वैजापुरात ती आकाशची आई होती, सुनेची मम्मी होती, गल्लीत काकू होती. ‘सत्ये’ म्हणणारी जगात एकच बाई उरली होती.

देण्याच्या बाजूला फक्त एक खोटं. तेही बारकं.

“काकू, थुंका की,” तनुजा म्हणाली. “गिळू नका. मी नाय गिळत.”

सत्यभामेनं गिळलं. मग तांब्याभर पाणी प्याली.

“हे अक्कानं केलंय?”

“आत्ताच. चाळीस माणसांची येसरची आमटी. मापाला म्हणून त्यातली वाटीभर मी इकडं आणली.”

“अक्काच्या हातची आमटी असली?”

“मूठ मोजूनच घालतात हो. त्यांना वाटतं एक पडली. पडतात दोन.” तनुजानं भाभींच्या शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण सरकवलं. “ही बघा, ही बिनमिठाची. आई वंदनेला बसल्या की मी तिकडं नेऊन मिसळते. वाढताना एकदम बरोबर लागती. दीड महिना हेच करायलेय मी, फक्त आज पातेलं मोठं.”

आतून भाभींचा आवाज आला. “तनुजा, जल्दी कर मां, मेरेकू भी दाल चढानी है!”

तनुजा म्हणजे राजकुमारची बायको, रत्नमालाबाईंची सून. सत्यभामा मुकुंदवाडीच्या चौकात रिक्षातून उतरली तेव्हाच तिनं तिला गाठलं होतं आणि पुढच्या दारानं जाऊ न देता बोळातून इकडं आणलं होतं. आज गोजरबाईंचा पहिला स्मृतिदिन. पाहुणे यायला अजून तासभर होता.

“घरातली सगळी संभाळून घेतील,” तनुजा म्हणाली. “पाहुण्यांना तर काय माहीतच नाय. राहता राहिल्या तुम्ही. आई सकाळपासून दोनदा म्हणल्या, वैजापूरची येणार, ती बरोबर चूक काढणार. उद्या त्यांचं चौथं सलाईन हाय. काकू, तुम्ही फक्त छान झालंय म्हणा. तुमच्या तोंडून ऐकलं ना, त्या बऱ्याच होतील.”

सत्यभामेनं चमचा धुऊन पालथा घातला. वाटी तशीच ओट्यावर राहिली.

*

खोट्याची सुरुवात कडुबांनी केली होती. ते रत्नमालाबाईंचे मालक. चिकलठाण्याच्या कंपनीत आयुष्यभर क्वालिटी तपासणीत होते. तिथं केसाएवढा फरक असलेला पार्ट त्यांनी कधी पुढं जाऊ दिला नाही. घरी मात्र दुप्पट मिठाचं वरण पास केलं.

दिवाळीनंतर रत्नमालाबाईंच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि मग सलाईनमधून द्यायचं औषध आलं, दर तीन आठवड्यांनी. मोठ्या दवाखान्यात त्यासाठी पहाटेपासून रांग लागायची. तेवढ्यात एका अभ्यासाची माणसं आली. हेच औषध वस्तीतल्या लहान दवाखान्यात, घराजवळ दिलं तर चालतं का, आणि बाईला होणारा त्रास वेळेत कळतो का, हे त्यांना बघायचं होतं. मेडिकलच्या मागं दोन खोल्या, तीन आरामखुर्च्या, आणि आठवड्याला घरी येणारी मोनिका सिस्टर. सही केली की गुलाबी पुठ्ठ्याची वही मिळायची. चौदा प्रश्न, रोज संध्याकाळी भरायचे. शून्य म्हणजे काही त्रास नाही, चार म्हणजे उठा आणि दवाखान्यात या.

“खरं लिहायचं, मावशी,” मोनिकानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “जास्त आकडा लिहिला म्हणून कुणी काढून टाकत नाही.”

रत्नमालाबाईंनी मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही. शेजारच्या खुर्चीत कन्नडकडची एक बाई असायची. तिनं पायाच्या मुंग्यांचा आकडा तीन लिहिला, डॉक्टरांनी तिचं औषध कमी केलं, आणि पुढच्या वेळी ती खुर्चीत नव्हती. रत्नमालाबाईंनी जे समजायचं ते समजून घेतलं. आकडा वाढला की औषध कमी, औषध कमी झालं की खुर्ची रिकामी.

तर दुसऱ्या सलाईननंतर बाई चार दिवस पडून होत्या. पाचव्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून उठल्या, वरण केलं, ताट कडुबांपुढं ठेवलं आणि उभ्या राहिल्या.

“कसं झालंय?”

कडुबांनी घास तोंडात घेतला. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी रुमालाकडे बघितलं, रुमालाखालच्या भुवया गेलेल्या चेहऱ्याकडे बघितलं.

“नेहमीसारखं.”

आणि बाई हसल्या. किती दिवसांनी हसल्या हे कडुबांना नक्की माहीत होतं: एकवीस. त्या हसण्यासाठी माणसानं वाटीभर वरण खाल्लं, तर त्याला नावं कोण ठेवील? अडचण एवढीच झाली की संध्याकाळी पुन्हा जेवायचं होतं.

राजकुमार कामावरून आला, पहिला घास घेतला आणि म्हणाला, “माय, हे...” कडुबांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं पुढचं वाक्य ‘हे लई भारी’ असं झालं. आठवड्याभरात त्यानं दुसरी पाळी मागून घेतली आणि दोन्ही वेळा कंपनीच्या कँटीनमध्ये जेवू लागला. तनुजानं भाकरीच्या पिठात मीठ घालणं बंद केलं, दह्याचं गाडगं ताटाजवळ आणलं, आणि सासू न चुकता संध्याकाळी गॅलरीत बसली की भाजीत उकडलेला बटाटा कुस्करू लागली.

मोनिका सिस्टर घरी आली की जाताजाता कडुबांचंही बीपी बघायची. एकशे चाळीस. मग एकशे पंचावन्न. गेल्या आठवड्यात एकशे अडुसष्ट.

“बाबा, मीठ कमी करा.”

“कमीच हाय,” कडुबा म्हणाले. मोनिकानं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं, पण लिहिण्यासारखं काही नव्हतं. कडुबा अभ्यासात नव्हते.

*

आता खुद्द रत्नमालाबाईंचं. त्यांना काहीच कळत नव्हतं असं समजू नये.

जिभेवर पोतं अंथरल्यासारखं झालंय हे त्यांना पहिल्या सलाईनपासून माहीत होतं. गूळ आणि माती यांत फरक उरला नव्हता. चवीच्या प्रश्नापुढं त्या रोज एक लिहायच्या. शून्य लिहिलं तर सिस्टरला संशय येईल, एवढी अक्कल त्यांनी ठेवली होती. बोटांना मोजे घातल्यासारखं वाटायचं, तेही त्यांना माहीत होतं. पण वहीतला अकरावा प्रश्न असा होता: बोटांच्या बधिरपणामुळे रोजच्या कामात चूक होते का?

याचं उत्तर त्या प्रामाणिकपणे शोधायच्या. चिकलठाण्याच्या शाळेत वीस वर्षं त्यांनी खिचडी शिजवली होती, दोनशे पोरांची. चव कधी बघितली नाही. मूठ डब्यात जायची, बोटं मिटायची, कडेनं सांडायचं ते सांडायचं आणि उरायचं ते बरोबर असायचं. जीभ गेली तर गेली. मूठ शाबूत आहे की नाही एवढं बघायचं. म्हणून त्या रोज विचारायच्या, मीठ बरोबर? आणि रोज घर म्हणायचं, एकदम.

मग त्या शून्य लिहायच्या. ते शून्य त्यांचं नव्हतंच. घरानं एकमतानं दिलेलं होतं. आणि त्या शून्यावर तिसरं सलाईन पूर्ण ताकदीचं गेलं होतं. चौथं, औषध उशिरा आल्यानं आठवडाभर लांबलेलं, उद्या, सोमवारी होतं. मोनिका आज जेवायला येणार होती आणि जाताना वही नेणार होती.

सत्यभामा दह्याचं गाडगं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली तेव्हा रत्नमालाबाई पातेल्यापाशी होत्या. त्यांनी बघितलं, आणि भिंतीला म्हणाल्या,

“पाहुण्यांनी बाहेर बसावं. पंखा हाय बाहेर.”

“भिंतीला सांगा,” सत्यभामा म्हणाली, “मला पंख्याचं वारं सोसत नाय.”

भिंत काही बोलली नाही. रत्नमालाबाईंच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं, पण ते त्यांनी पदरानं पुसलं.

किती वाळली अक्का, सत्यभामेला वाटलं. या ओट्यापाशी दोघी उभ्या असायच्या. सत्यभामेचा नवरा लवकर गेला, आकाश तेव्हा तिसरीत होता. ती कुठं गेली नाही, इथंच राहिली. रत्नमाला पळीतला थेंब हिच्या तळहातावर सोडायची. ही चाटायची आणि नुसती मान हलवायची. ‘हात माझा, जीभ हिची,’ रत्नमाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, एकाच बाईचे अवयव सांगावेत तशी. मग आकाशचं लग्न ठरलं. सहाशे माणूस. सत्यभामेनं विचार केला, अक्काची कंबर धरते, अक्कानं या वयात एवढ्या धुरात कशाला उभं राहायचं. आणि शहरातून आचारी ठरवला. विचारलं नाही. विचारलं असतं तर अक्का नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. रत्नमाला नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली, पंगत पडली तशी उठली आणि न जेवता घरी आली. तेव्हापासून भिंत, आणि सत्यभामा लेकाकडं वैजापूरला.

अक्काला जपायला गेले आणि तिचेच हात तोडून ठेवले. सात वर्षांत सत्यभामेला एवढं एक वाक्य सापडलं होतं, पण ते ऐकायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात रत्नमालाबाईंनी पातेल्यावरचं जर्मनचं झाकण उचललं. वाफ भसकन वर आली. झाकण त्यांनी फडक्याशिवाय धरलं होतं, सावकाश फिरून खाली ठेवलं, मग पळी शोधली. घाई नाही, हूं नाही की चूं नाही. सत्यभामेनं त्यांच्या बोटांकडं बघितलं. तर्जनीच्या पेरावर पांढरा फोड टरारून आला होता, आणि त्याच्या खाली एक जुना, वाळलेला.

तिच्या तोंडातला खारटपणा अजून गेला नव्हता. आता तो घशाखाली उतरला.

*

बौद्धाचार्य वेळेवर आले. बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, आणि बाजूला गोजरबाईंचा फोटो, ज्यात त्या कॅमेऱ्यावर रागावलेल्या दिसतात. मेणबत्त्या लागल्या. चाळीस माणसं पांढऱ्या कपड्यांत दाटीवाटीनं बसली. रत्नमालाबाई पुढं, कडुबा शेजारी. तनुजा शेवटच्या रांगेत, दाराला लागून. त्रिसरण झालं आणि ती उठून गेली. बोळातून एक पातेलं आलं, स्वयंपाकघरात भांड्याचा हलका आवाज झाला.

बाहेर पंचशील चाललं होतं. आचार्य म्हणत होते, लोक मागून म्हणत होते. चौथं शील आलं. मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही.

कडुबा चौथ्या शीलाला नेमके खाकरले. राजकुमार खाली बघून म्हणाला. सत्यभामेनं हात जोडले होते, शब्द लहानपणापासून पाठ होते, तोंड आपोआप चालायचं. आज ते मधेच थांबलं आणि तिला ते पुन्हा सुरू करता येईना.

मग गोजरबाईंच्या आठवणी झाल्या. राजकुमार म्हणाला, आजीनं सगळ्यांना धरून ठेवलं. आजीनं सगळ्यांना शिव्या घालून धरून ठेवलं होतं, पण स्मृतिदिनाला असं बोलायची पद्धत नाही.

पंगत बसली. पोळी, भात, वांग्याची भाजी, बुंदी आणि भाजलेल्या बाजरी-मसाल्याच्या येसरची आमटी. पहिला घास घेतलेल्या लोकांचे चेहरे तनुजानं दारातून एकेक तपासले. सगळे खात होते. मोनिका सिस्टरनं तर वाटी पुन्हा पुढं केली. तनुजाच्या खांद्यावरून दीड महिना उतरला.

आणि रत्नमालाबाई स्वतः वाटी घेऊन बाहेर आल्या. पाहुण्यांच्या रांगेतून वाकून, गुडघ्याला हात देत, सत्यभामेपुढं येऊन बसल्या. भिंतीकडं बघितलं नाही.

“सत्ये,” त्या म्हणाल्या. “मीठ बघ.”

म्हणजे तिसरी गोष्ट, जिची तिला लाज वाटत होती, ती काही न देताच हातात पडली होती. आता उरलेल्या दोन घ्यायच्या आणि घरी जायचं.

सत्यभामेनं वाटी तोंडाला लावली. आमटी झकास होती. मिठाला बोट ठेवायला जागा नव्हती. तनुजाचा अंदाज पक्का होता. छान झालंय म्हटलं असतं तर ते खोटंसुद्धा झालं नसतं.

“बरोबर हाय,” ती म्हणाली.

कडुबांनी डोळे मिटले. तनुजा हसली.

“पण अक्का, ही तुझी आमटी नाय.”

“माझी नाय म्हंजे? सकाळपासून गॅसपुढं कोण व्हतं? तुझा आचारी?”

“तुझी मी मगाशी चाखली, भाभीच्या ओट्यावर. दुप्पट मीठ व्हतं. तनुजानं बिनमिठाची दुसरी करून यात मिसळली, म्हणून ही अशी लागायली.”

“काकू!” तनुजाचा आवाज चिरला.

“काकू, आजच्या दिवशी तरी...” राजकुमार ताटावरून अर्धा उठला.

“मंग कधी? उद्या तिला सुई टोचल्यावर? आत्ता सगळ्यांनी हात जोडून मुसावादा म्हणलं. मलाच म्हणता नाय आलं.”

बौद्धाचार्यांनी घास हवेतच धरला. शील त्यांनीच दिलं होतं.

रत्नमालाबाई नवऱ्याकडं वळल्या. “तुम्ही सांगा.”

क्वालिटी तपासणीतल्या माणसाला अखेर शिक्का मारावा लागला. “लई खारट असतंय, रत्ना. दीड महिना झाला.”

“आन् तुम्ही खाल्लं?”

“खाल्लं.”

“रोज?”

“दोन्ही टायमाला.”

“मी विचारत व्हते ना? रोज विचारत व्हते. मीठ बरोबर का म्हणून.” त्यांचा आवाज चढला नाही, उलट बारीक होत गेला. “तुम्हाला वाटलं, ही आपली कौतुक करून घ्यायली.”

“तुझा जीव दुखवायचा नव्हता, रत्ना.”

“आणि माझा?” तनुजा दारातून म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. “दोन-दोन वेळा शिजवलं मी. चोरून. माझ्याच घरात चोरासारखं. कशासाठी? तुम्ही हसावं म्हणून. काकू सात वर्षांनी आल्या आणि एका वाक्यात सगळं सांडलं. छान! यांचं खरं झालं, मी खोटी पडले.”

यात तनुजाचं चूक काही नव्हतं.

सत्यभामेनं जावेचा हात हातात घेतला आणि उताणा केला. “हे कधी भाजलं?”

रत्नमालाबाईंनी फोडाकडं बघितलं, दुसऱ्या कुणाच्या हाताकडं बघावं तसं.

“काय की,” त्या म्हणाल्या. मग फोड अंगठ्यानं दाबून बघत, “कळलं नाय.”

मोनिका सिस्टर ताटावरून उठली. हात धुतला आणि म्हणाली, “मावशी, वही आणा.”

*

पाहुणे बुंदी आटोपून पांगले. आतल्या खोलीत पलंगावर गुलाबी वही उघडी होती. मोनिकानं टाचणीचा बोथट भाग एकेका बोटाला लावून बघितला. डोळे मिटलेल्या रत्नमालाबाई दहातल्या सहा वेळा काहीच बोलल्या नाहीत.

“खोडरबर देतीस का?” त्यांनी विचारलं.

“खोडायचं नाही. जुन्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं, आजची तारीख आणि सही.”

“सगळ्या दिवसांचं?”

“जेवढे आठवतात तेवढ्यांचं.”

रत्नमालाबाईंनी पेन मुठीत धरला, पोर धरतं तसा. अकराव्या प्रश्नापुढचं पहिलं शून्य कापलं. शेजारी तीन लिहिलं. दुसरं कापलं. सही दर वेळी वेगळी येत होती.

“आता काढून टाकणार मला?”

“नाही हो. मी डॉक्टरांना फोन केलाय. उद्याचं सलाईन आठवडाभर पुढं. तपासतील आणि बहुतेक डोस कमी करतील.”

“कमी म्हंजे कमीच जगायचं ना? ती कन्नडची बाई गेली तशी.”

“कुठं गेली?” मोनिका थांबली. “कन्नडच्या मावशी? त्यांचा वार बदललाय, बुधवारी येतात. परवाच पापड दिले त्यांनी आम्हाला. सोसेल तेवढं औषध द्यायचं असतं, मावशी. तेवढं कळावं म्हणून तर ही वही. तुम्ही शून्य लिहिलं, आम्ही शून्याचं औषध दिलं.”

कडुबा उंबऱ्यात उभे होते. त्यांनी विचारलं, “बोटं परत येतील का तिची?”

“बऱ्याच जणींची येतात, हळूहळू. सगळ्यांची येतातच असं नाही. लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं.” ती जे बोलली त्यात दोष कुणाला दिला नव्हता. कडुबांनी तो आपला आपण उचलून घेतला आणि गॅलरीत जाऊन बसले.

सत्यभामेला कुणी थांब म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. तनुजा तिच्या बाजूनं जाताना पदर आवरून घेत होती. राजकुमारनं मोबाइलवर वैजापूरच्या गाडीची वेळ काढून, न विचारता, मोठ्यानं सांगितली. सत्यभामा तिथं ठेवलेली पिशवी आणायला बोळातून भाभींच्या मागच्या ओट्याकडं गेली.

काही वेळानं रत्नमालाबाई बोळ ओलांडून भाभींच्या मागच्या दारी आल्या, तेव्हा सत्यभामा ओट्यावर बसून जेवत होती. भाभींनी दिलेली भाकरी, आणि सकाळची ती वाटी. मापाला आणलेली, न मिसळलेली. अर्धी संपली होती.

“ती खारट हाय ना?”

“लई.”

“मंग कशाला खातीस?”

“भूक लागली. मला कुणी ताट नाय वाढलं.”

“आचाऱ्याला सांगायचं.”

सत्यभामेनं घास मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. रत्नमालाबाई भाभींच्या घरात गेल्या. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून, नजर त्यावरून न काढता, बाहेर आल्या आणि तो मधे ठेवून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

“तेव्हा विचारायचं व्हतंस मला,” त्या म्हणाल्या. “आचारी आणू का म्हणून.”

“व्हय.”

“मी म्हणले असते, आण. सहाशे माणूस या वयात कोण शिजवतंय.”

“खरंच म्हणली असतीस?”

रत्नमालाबाईंनी विचार केला. “नाय.”

दोघी हसल्या. हसणं लवकर संपलं. आत भाभींच्या कुकरची शिट्टी झाली.

“सत्ये, मीठ सोड. बाकी कशी झालीय?”

“बाकी चांगली हाय.”

“असं नको. सांग नीट. मला काय बी कळत नाय बघ. वास येतो तोबी लांबून, गल्लीतून आल्यासारखा.” त्यांनी डोळे मिटले. “येसर भाजलंय का नीट?”

सत्यभामेनं वाटीत बोट घातलं आणि जिभेवर ठेवलं. खारटाच्या खाली जायला वेळ लागला.

“बाजरी खरपूस आलीय. कडेला थोडी जास्तच. धने पुढं येतेत. मग लसूण.”

“लसूण ठेचलेला का चिरलेला?”

“ठेचलेला. सालीसकट.”

“बरोबर.” त्यांनी एक बोट मिटलं. “मिरची?”

“ती मागून येती. गिळल्यावर. घशात बसती, जाता जात नाय.”

“कढीपत्ता?”

“हाय की. गोजर आत्यांना आवडायचा तेवढा.”

“अजून सांग,” रत्नमालाबाई म्हणाल्या.

सत्यभामा सांगत राहिली. वाटी तळाला गेली तरी सांगत राहिली. वैजापूरची गाडी निघून गेली. राजकुमारनं तेही मोठ्यानं सांगितलं.

तर या स्मृतिदिनाला कुणी काय किंमत भरली? कडुबांनी बीपीची गोळी लावून घेतली, जन्माची. तनुजानं दीड महिन्याचं कौतुक गमावलं, आणि ते तिला कुणी परत देईल असं दिसत नव्हतं. काकूंशी ती त्यानंतर जेवढ्यास तेवढं बोलली. राजकुमार पहिल्या पाळीवर आला, म्हणजे त्यानं फारसं काही भरलं नाही. अशी माणसं घरोघरी असतात. अभ्यासाच्या वहीत त्रेचाळीस शून्यं कापली गेली. रत्नमालाबाईंनी मूठ भरली. उजव्या हाताची तीन बोटं पुढं उन्हाळ्यात थोडी जागी झाली, दोन झाली नाहीत, आणि मिठाचा डबा तनुजाच्या हाताशी सरकला.

सत्यभामेला वाटलं होतं, खरं बोलण्याची किंमत म्हणून तिची सात वर्षं बुडाली. तसं झालं नाही. ती परतही आली नाहीत. संध्याकाळी बोळात ऊन उतरेपर्यंत दोघी ओट्यावर बसल्या होत्या तेव्हा त्या सात वर्षांची वाटणी होऊन गेली: साडेतीन हिनं भरली, साडेतीन तिनं.